सगळ्यांनी एकाच फाईलमध्ये लिहायचंय? मग लिंक सगळ्यात शेवटी द्या

शिक्षकांच्या ग्रुपवर दर सत्रात एकदा तरी हा मेसेज येतोच, "गूगल शीटवर वर्गाचं काम घेतलं, पोरांनी एकमेकांचं खोडून टाकलं, आता काय करू?" जरा खोदून विचारलं की कळतं, फाईल सकाळी चहा पिता पिता बनवली, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि वर्गात जाऊन सांगितलं, चला लिहा. मीही पहिल्यांदा अगदी हेच केलेलं. लिंक पालकांच्या ग्रुपवर, एडिटची परवानगी सगळ्यांना, आणि रात्री अकराला बघते तर वरच्या बारा ओळी गायब आणि तिथे कुणाच्या तरी धाकट्या भावाने नुसता "ककककक" टाईप केलेला.

तर हा लेख कामाच्या क्रमाबद्दल आहे, आधी काय तयार करायचं आणि लिंक कधी द्यायची. उदाहरण म्हणून मी नववीच्या जलसुरक्षा विषयासाठी घेतलेला एकच उपक्रम शेवटपर्यंत धरणार आहे, गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची आणि सगळ्या वर्गाने एकाच शीटमध्ये भरायची. मुलं ४२, लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर ९. तुमचा विषय वेगळा असेल, आठवडी बाजारातले भाव किंवा शाळेच्या आवारातली झाडं, पायऱ्या ह्याच राहतात.

१. आधी कागदावर करून बघा

हो, कागदावर. फळ्यावर रकाने आखा, चार मुलांना पुढे बोलवा आणि एका काल्पनिक विहिरीची माहिती भरायला सांगा. दहा मिनिटं लागतात पण निम्मे घोळ इथेच सापडतात.

मी केलं तेव्हा पहिल्याच मुलीने विचारलं, "बाई, खोली म्हणजे विहिरीची की पाण्याची?" दुसऱ्याने लिहिलं ४ फूट ६ इंच, तिसऱ्याने तेच ४.६ लिहिलं. आता साडेचार फूट म्हणजे ४.५, ४.६ नव्हे, पण नववीतली पोरं हमखास ही चूक करतात (आणि खरं सांगू का, एकदोन शिक्षक पण). मग ठरलं की सगळं इंचातच लिहायचं, फुटाची भानगडच नको.

आणखी एक. दोर सोडून मोजायचं तर कठड्यावरून मोजलं की जमिनीवरून? एका गटाने कठड्यावरून मोजलं आणि दुसऱ्याने कठडा सोडून, तर एकाच विहिरीत तीन फुटांचा फरक येतो. म्हणून दोन वेगळे रकाने केले: कठड्याच्या वरच्या काठापासून पाण्यापर्यंत किती, आणि कठडा किती उंच. जमिनीपासूनची पातळी वजाबाकी करून शीट स्वतः काढेल.

बोअरवेल मी पहिल्याच दिवशी यादीतून काढून टाकल्या, दगड बांधलेला दोर बोअरमध्ये सोडायला कुणी देत नाही आणि देऊही नये.

इशारा: मुलांनी एकट्याने विहिरीवर जायचं नाही. विहिरीच्या मालकाला आधी विचारायचं, सोबत घरातलं किंवा शाळेतलं मोठं माणूस पाहिजे, दोर मोठ्या माणसानेच सोडायचा, मुलांनी मागे उभं राहून आकडा लिहायचा. कठडा नसलेली विहीर यादीत घेऊच नका. हे पालकांना लेखी कळवा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या, मगच पुढचं.

२. कशात करायचं ते ठरवा

लवकर सांगते. आकडे किंवा छोट्या छोट्या नोंदी असतील तर शीट. परिच्छेद लिहायचे असतील तर डॉक. प्रत्येक गटाला स्वतःचं एक पान आणि फोटो हवे असतील तर स्लाइड्स, आणि स्लाइड्समध्ये प्रत्येक गटाला एक स्लाइड नंबर नेमून दिला की खोडाखोडी जवळजवळ होतच नाही, हे खूप कमी लोक वापरतात.

नवीन नवीन चकचकीत अ‍ॅप्सच्या मागे लागू नका. गूगलचं जॅमबोर्ड, तो ऑनलाइन फळा, आठवतंय? लॉकडाऊनमध्ये कित्येकांनी त्यावर धडेच्या धडे तयार केले आणि २०२४ च्या शेवटी गूगलने ते बंद करून टाकलं. ज्यातून साधी एक्सेल किंवा वर्ड फाईल डाउनलोड करता येते ते निवडा, म्हणजे उद्या दुकान बंद झालं तरी माल आपल्याकडे.

३. शीट बांधणे (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

माझा नियम सोपा आहे, मुलाने फाईल उघडली की त्याला आपली जागा शोधावी लागता कामा नये. रिकामी शीट देऊन "कुठेही लिहा" म्हटलं की सगळे पहिल्याच ओळीत लिहितात.

क) ओळी आधीच भरून ठेवा. ७ गट, प्रत्येक गटाला ४ विहिरी, म्हणजे २८ ओळी. गट क्रमांक आणि विहिरीची खूण ("मारुतीच्या देवळामागची", "ओढ्याकाठची जुनी") मी स्वतः टाकून ठेवली. मुलांनी फक्त मोकळ्या चौकटी भरायच्या. यातल्या दोन विहिरी मी मुद्दाम दोन-दोन गटांना दिल्या, का ते नवव्या पायरीत कळेल.

ख) प्रत्येक गटाच्या ओळींना वेगळा फिका रंग. प्रोजेक्टरवरून लांबून बघताना कोणता गट कुठे अडलाय हे रंगावरूनच कळतं.

ग) फाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेल (म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) इंडिया करा. हे राहिलं आणि तिथे युनायटेड स्टेट्स असलं तर ५/१२ लिहिलेलं पाच डिसेंबरचं बारा मे होतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

घ) डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे चौकटीत काय चालेल त्याचा नियम, लावा. मापाच्या रकान्यात फक्त आकडाच चालेल, ० ते १२०० मधला, आणि चुकीचं असेल तर इनपुट रिजेक्ट करा हा पर्याय निवडा, नुसती वॉर्निंग नको. का? कारण कुणी "३१० इंच" असं शब्दासकट लिहिलं तर शीट ते आकडा म्हणून धरतच नाही, सरासरीच्या सूत्रातून गपचूप वगळते, एरर पण दाखवत नाही. उत्तर येतं, छान दिसतं आणि चुकीचं असतं. आकडे इंग्रजी अंकातच टाकायचे हेही वर्गात एकदा ठरवून घ्या, निम्मे देवनागरीत आणि निम्मे इंग्रजीत झाले की सॉर्ट आणि आलेख दोन्हीची वाट लागते.

च) जे चार-पाच ठराविक पर्याय आहेत तिथे ड्रॉपडाऊन द्या. कठडा: आहे / पडका आहे. नाहीतर एकाच गोष्टीची सात स्पेलिंगं येतात, कठडा, कठाडा, कटडा...

छ) आता कुलूप. डेटा मेन्यूत प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस आहे, तिथे पूर्ण शीट प्रोटेक्ट करा आणि "काही सेल सोडून" हा पर्याय घेऊन फक्त भरायच्या चौकटी मोकळ्या ठेवा. परवानगी ओन्ली यू. शीर्षकाची ओळ, गट क्रमांक, वजाबाकीचा रकाना, सगळं आत बंद. माझं ते "ककककक" प्रकरण एवढ्या एका गोष्टीने वरच्या ओळींपुरतं तरी टळलं असतं.

ज) पहिली ओळ फ्रीझ करा, खाली स्क्रोल केल्यावर रकान्याचं नाव दिसत नाही म्हणून उंची आणि खोली अदलाबदल होते.

तपासणी: स्वतः गट ५ मधलं मूल आहात असं समजून एक ओळ भरा. मग मुद्दाम चुकीचं भरा, शब्द टाका, शीर्षक खोडायचा प्रयत्न करा. शीट अडवते का? अडवत नसेल तर पुढे जाऊ नका.

४. मराठी टायपिंगची सोय

हा भाग लोक विसरतात आणि मग ३५ मिनिटांच्या तासातली २० मिनिटं "बाई, काना कुठेय" मध्ये जातात.

फोनवर जीबोर्ड असेल तर प्रश्न नाही, मुलं आपल्यापेक्षा फास्ट असतात. लॅबमध्ये विंडोज १० किंवा पुढचं असेल तर त्यातच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून एकदा जोडायचा आणि मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर जोडून ठेवा. डॉकमध्ये बोलून टाईप करायची सोय पण आहे, टूल्स मेन्यूत व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी निवडायची, पण ती एका खोलीत सात गट असताना वापरू नका, शेजारच्या गटाचं भांडण तुमच्या निबंधात येतं.

आणि एक जुनं दुखणं. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेली यादी असेल, कृतिदेव किंवा तसलं काही, ती कॉपी करून शीटमध्ये टाकली की नुसती चिन्हं दिसतात. फाईल खराब नाहीये, ते युनिकोड (सगळीकडे सारखं दिसणारं आजचं टायपिंग) नाहीये. कन्व्हर्टरमधून बदलून घ्या किंवा सरळ पुन्हा टाईप करा, २८ ओळी आहेत, अर्धा तास लागेल.

५. अकाउंट, वय आणि नावं

भारतात स्वतःचं गूगल अकाउंट चालवायला वय १३ पूर्ण लागतं, त्याखालच्यांचं पालकांच्या देखरेखीतूनच करता येतं. त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना "जीमेल काढून या" असं सांगूच नका, खोटी जन्मतारीख टाकायला आपणच शिकवतो मग. नववीला वय बसतं, तरी पण लॅबमध्ये बसून ४२ अकाउंट काढायचा घाट घालू नका, प्रत्येक ठिकाणी मोबाईल नंबर आणि ओटीपी मागतं आणि एकाच नंबरवर किती अकाउंट काढायची यालाही मर्यादा आहे.

दोन रस्ते आहेत. शाळेचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन (गूगलची शाळांसाठीची सेवा) असेल तर शाळेने दिलेली अकाउंट वापरा, सगळ्यात उत्तम. नसेल तर लॅबच्या कॉम्प्युटरवरून साइन इन न करताच एडिट करू द्या, लिंकला तशी परवानगी देता येते. मग वर कोपऱ्यात नावाऐवजी अनॉनिमस अमुक प्राणी असं दिसतं, पोरं पाच मिनिटं आपण कोणता प्राणी आहोत यावर हसतात, हसू द्या, ते पण धरून चाला वेळेत.

साइन इन नसलं की कुणी काय लिहिलं हे फाईलच्या इतिहासात नावानिशी कळत नाही, सगळे "अनॉनिमस" म्हणून एकत्र येतात. म्हणूनच तर गटाच्या ओळी आणि रंग ठरवलेत. फोनवरून काम करणार असाल तर वेगळीच गंमत, शीटच्या अ‍ॅपला अकाउंट लागतंच आणि फोन असतो वडिलांचा, त्यामुळे इतिहासात वडिलांचं नाव दिसतं. एका मुलाची नोंद मी आठवडाभर शोधत होते, ती त्याच्या मामाच्या नावावर होती.

इशारा: शीटमध्ये मुलांची पूर्ण नावं, मोबाईल नंबर, आधार नंबर, पत्ता यातलं काहीही नको. हजेरी क्रमांक पुरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची गोष्ट करतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्या फाईलची लिंक कुठेही फिरू शकते तिथे लेकरांचे नंबर कशाला. विहिरीच्या मालकाचं नाव पण नको, खूण बास आहे.

६. लॅब आदल्या दिवशी

आदल्या दिवशी शेवटच्या तासाला जाऊन प्रत्येक मशीन चालू करा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा घोळ म्हणजे घड्याळ. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो, तारीख कुठल्या तरी जुन्या सालात गेलेली असते आणि मग क्रोम म्हणतं कनेक्शन सुरक्षित नाही आणि काहीच उघडत नाही. लोक इंटरनेटला शिव्या देतात. तारीख-वेळ नीट करा, लगेच चालतं. सेल पण बदलून घ्या, स्वस्त असतो.

विंडोज ७ वाली मशीन असतील तर त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, शीट उघडेल कदाचित, पण भरवसा ठेवून गट बसवू नका, ते राखीव ठेवा.

नेट हॉटस्पॉटवर असेल तर प्रत्येक मशीनवर ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा मोजून वापरायचा) म्हणून सेट करा. शीटला डेटा फारसा लागत नाही, पण चार महिने बंद असलेली सात मशीन एकदम चालू झाली की सातही जण विंडोज अपडेट उतरवायला बसतात आणि तुमचा दिवसाचा पॅक दहा मिनिटांत साफ.

इन्व्हर्टरवर लॅब आहे का ते शिपाई मामांना विचारा, त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा नक्की माहीत असतं.

७. आता लिंक

आत्ता. याआधी नाही.

शेअर बटण, जनरल अ‍ॅक्सेस, एनीवन विथ द लिंक, आणि भूमिका एडिटर. शेजारच्या सेटिंगच्या चाकात "एडिटर परवानगी बदलू शकतात" ही टिक काढा.

इथे एक फार कॉमन चूक. फाईल शाळेच्या अकाउंटवरून बनवली असेल तर बऱ्याचदा लिंक फक्त शाळेच्या संस्थेपुरतीच उघडी असते. तुमच्याकडे मस्त उघडते, मुलांकडे "परवानगी मागा" येतं, सगळी पोरं ते बटण दाबतात आणि तासाच्या मधोमध तुमच्या फोनवर चाळीस ईमेल.

तपासणी: लॅबच्याच मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इनकॉग्निटो (कुणाचंच साइन इन नसलेली) विंडो उघडा, तिथे लिंक टाका, एक चौकट भरून बघा. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चेक करून उपयोग नाही, तिथे तुम्ही मालक आहात, सगळं चालणारच.

लिंक फळ्यावर लिहू नका. शंभरेक अक्षरं असतात, त्यात लहान-मोठी लिपी वेगळी, एल आणि आय सारखे दिसतात. मी प्रत्येक मशीनच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट करून ठेवते, दहा मिनिटांचं काम. पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. घरून बघायचं असेल तर काम संपल्यावर फक्त बघण्याची परवानगी ठेवून द्या.

आणि शेवटचं, व्हर्जन हिस्टरीमध्ये (फाईलच्या जुन्या आवृत्त्या जिथे साठतात तिथे) जाऊन आत्ताच्या आवृत्तीला नाव द्या: "कोरी, वर्गाच्या आधी". उद्या काहीही झालं तरी इथे परत येता येतं.

८. प्रत्यक्ष तास

४२ मुलं सात मशीनवर म्हणजे एका कीबोर्डवर सहा जण, त्यातले चार नुसते ढकलाढकली करणार. म्हणून प्रत्येक गटातले तिघेच लॅबमध्ये, तिघे वर्गात वहीवर आलेख काढतायत, दुसऱ्या तासाला अदलाबदल. राहिलेली दोन मशीन राखीव. वर्ग सांभाळायला दुसरे सर नसतील तर सगळ्यांना लॅबमध्येच घ्या पण तिघे खाली सतरंजीवर वही घेऊन.

तिघांची कामं ठरवून द्या. एक वहीतून आकडा मोठ्याने वाचणार, दुसरा टाईप करणार, तिसरा स्क्रीनवरचा आकडा परत वाचून दाखवणार. प्रत्येक ओळीनंतर जागा बदलायच्या. हे वाचून दाखवणं फालतू वाटतं पण बँकेतल्या कॅशियरने नोटा दोनदा मोजाव्यात तसं आहे ते, टाईप करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

पहिली पाच मिनिटं कुणीही टाईप करायचं नाही. सगळ्यांनी फाईल उघडायची आणि आपल्या गटाच्या पहिल्या ओळीवर नुसतं क्लिक करून थांबायचं. प्रोजेक्टरवर सात रंगीत चौकोन सात जागी दिसले पाहिजेत. एखादा चुकीच्या जागी असेल तर तो आत्ताच कळतो. मग "सुरू" म्हणायचं.

चार गोष्टी फळ्यावर लिहून ठेवा:
आपल्या रंगाबाहेर क्लिक नाही.
सॉर्ट आणि फिल्टर कुणीही दाबायचं नाही.
वर "ऑफलाइन" किंवा "कनेक्ट करतोय" दिसलं तर हात वर, टाईप करणं बंद, विंडो बंद करायची नाही.
चुकलं तर स्वतः दुरुस्त करा, दुसऱ्याचं चुकलं तर सांगा, हात लावू नका.

सॉर्टचं जरा समजून घ्या. तुमच्या मशीनवर सॉर्ट केलं म्हणजे फक्त तुमच्यापुरतं नसतं, सगळ्यांच्या ओळी हलतात, आणि त्याच क्षणी दुसरा कुणीतरी टाईप करत असतो त्याला वाटतं माझी ओळ गेली. मग तो परत भरतो, दुसऱ्याच्या ओळीत. फिल्टरचंही तेच. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर फिल्टर व्ह्यू वापरा, तो दुसऱ्यांना त्रास देत नाही.

तास संपायच्या सात मिनिटं आधी थांबवा. कुणी कशात साइन इन केलं असेल तर साइन आउट, सगळ्या विंडो बंद. एकदा एका मुलीचं वैयक्तिक अकाउंट लॅबमध्ये तसंच उघडं राहिलं आणि पुढच्या वर्गाने तिचे फोटो बघितले. तेव्हापासून मी दारात उभी राहून मशीन मोजते.

गडबड झालीच तर

काहीतरी उडालं की पहिला आवाज येतो "बाई, कंट्रोल झेड करू?" ज्याने उडवलं त्यानेच, त्याच मशीनवर केलं तर ठीक, कारण कंट्रोल झेड स्वतःचंच मागे घेतं, दुसऱ्याचं नाही. सगळे मिळून दाबायला लागले की प्रत्येकजण आपापलं खरं काम पुसत जातो.

त्याने झालं नाही तर सगळ्यांचे हात वर, आणि तुम्ही व्हर्जन हिस्टरी उघडा. इथे घाईत "रिस्टोर" दाबायची चूक सगळे करतात. रिस्टोर केलं की पूर्ण फाईल त्या वेळेला परत जाते, त्यानंतर बाकीच्या सहा गटांनी भरलेलंही बाजूला पडतं. त्यापेक्षा त्या जुन्या आवृत्तीची वेगळी कॉपी करा, त्यातून फक्त हरवलेल्या ओळी उचला आणि चालू फाईलमध्ये टाका. एखाद्याच चौकटीबद्दल वाद असेल तर त्यावर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा, आधी काय होतं ते तिथेच दिसतं.

९. भरून झालं, आता खरं काम

बहुतेकांचा उपक्रम इथे संपतो, शीट भरली, प्रोजेक्टरवर फोटो काढला, स्टेटसला टाकला. पण मग हे वहीत केलं असतं तरी चाललं असतं की.

त्या दोन विहिरी आठवा, ज्या दोन-दोन गटांना दिलेल्या. प्रोजेक्टरवर त्यांच्या ओळी शेजारी शेजारी आणा. आमच्याकडे एकीच्या आकड्यात ३४ इंचांचा फरक आला. दोन्ही गट हटून बसले, आमचंच बरोबर. मग एकजण म्हणाला की आम्ही सकाळी सातला गेलेलो, दुसरे म्हणाले आम्ही संध्याकाळी, तेव्हा मोटर चालू होती. म्हणजे दोघंही बरोबर! आणि आमच्या शीटमध्ये वेळेचा रकानाच नव्हता. तो मुलांनी सुचवला, मुलांच्या देखत वाढवला, आणि सगळ्या गटांना वहीत बघून वेळ भरावी लागली. दोन गटांनी वहीत वेळ लिहिलीच नव्हती, त्यांच्या चौकटी रिकाम्याच ठेवल्या, अंदाजे भरू दिल्या नाहीत. एकत्र फाईलचा फायदा काय असं कुणी विचारलं तर मी हे सांगते, दोन वह्या दोन दप्तरांत असत्या तर हे भांडण झालंच नसतं.

यानंतर डॉक. एकच डॉक, त्यात दोन रकान्यांचं टेबल, सात ओळी. डाव्या बाजूला गटाने पाच-सहा वाक्यं लिहायची, आपल्या आणि शेजारच्या गटाच्या विहिरींत काय फरक दिसला आणि का असेल. उजवीकडे दुसऱ्या गटाने एक प्रश्न लिहायचा, आणि प्रश्नात शीटमधला एक तरी आकडा पाहिजे. "छान लिहिलंय" चालणार नाही. कॉमेंटची सोय मी मुद्दाम वापरत नाही, साइन इन नसलं की कोणती कॉमेंट कुणाची ते कळत नाही आणि चुकून रिझॉल्व्ह दाबलं की ती डोळ्यासमोरून जाते.

१०. मार्क देताना

इतिहास उघडून कुणी किती अक्षरं टाईप केली यावर मार्क देऊ नका. जो विहिरीवर गेला, ज्याने दोर धरणाऱ्या काकांना तयार केलं, तो कीबोर्डला हात लावायला लाजत असेल. मी प्रत्येक मुलाला शीटमधल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारते, हा कसा आला सांग. तीस सेकंदात कळतं.

११. फाईल बंद करणे

झालं की जनरल अ‍ॅक्सेस परत रिस्ट्रिक्टेड करा, किंवा बघण्यापुरती ठेवा. हे न केल्याने सहा महिन्यांनी शीटमध्ये क्रिकेटचा स्कोर सापडतो. एक्सेलमध्ये एक कॉपी डाउनलोड करून शाळेच्या पेनड्राइव्हवर, नावात इयत्ता आणि साल. बदली होणार असेल तर तुमच्या वैयक्तिक ड्राइव्हमधली मूळ फाईल शाळेच्या कुणाच्या तरी नावावर करून जा.

आम्ही पहिली मोजणी दिवाळीच्या सुट्टीआधी केली, दुसरी एप्रिलमध्ये, परीक्षा सुरू व्हायच्या आधी. त्यासाठी शीटमध्ये नवे रकाने उजवीकडे आत्ताच करून, कुलूप लावून ठेवा. आणि दोर तोच वापरायचा, त्यावर खुणा आपल्या हाताने केलेल्या असतात. आमचा दोर शाळेच्या कपाटात ठेवला होता, मार्चमध्ये बघते तर कुणीतरी स्नेहसंमेलनाचा मंडप बांधायला कापून नेलेला.